चौदा पेरलेले ठिपके

१२ मार्च
चौदा. तीनदा मोजले. चौदाच!

त्याच दीर्घिकांचे फोटो दर चार दिवसांनी घ्यायचे. आधी नव्हता तो ठिपका दिसला, की एक तारा फुटला. असे एकसष्ट स्फोट मोजून मी दर काढला — विश्वात तारे किती वेळा फुटतात त्याचा. पण आपल्या नजरेतून किती सुटतात हे कळावं म्हणून फोटोंत आम्हीच काही खोटे ठिपके पेरतो. मोजणीआधी ते काढून टाकायचे. ते काम माझं. आज सहज जुनी यादी ताडून पाहिली. एकसष्टांतले चौदा आम्हीच पेरलेले!

शोधनिबंध छापून वर्ष झालं. त्याच आकड्याने आमच्या गटप्रमुख सरांचं वीस वर्षांपूर्वीचं भाकीत खरं ठरलं.

१३ मार्च
सर जिन्यात भेटले, हसले. मी खाली बघितलं.

१५ मार्च
शेवटी नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, तारे फुटतात कुठे लांब, घाम तुला इथे फुटतो. हसवायला बघत होता. मग गंभीर झाला. सरांना सांगून टाक म्हणाला, झाकून ठेवलेलं सडतं.

नोकरी जाईल. नाव तर जाईलच.

१८ मार्च
सांगितलं. खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

सरांनी यादी वाचली. चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "कोणाला बोललीस?"

घरी फक्त, म्हटलं.

"मग इथेच थांबव. चूक तुझी आहे, पण मी तुला सांभाळून घेईन."

रडूच आलं. इतका मोठा माणूस!

२० मार्च
मी विसरले तरी कशी? ते छळत होतं, म्हणून संगणकावरची नोंद उघडली.

मी विसरले नव्हते. पेरलेले सगळे ठिपके मी काढले होते. हे चौदा त्यानंतर दोन दिवसांनी पेरलेत. माझ्या नावाने. तेव्हा मी आईच्या उशाशी, दवाखान्यात होते. काम अडू नये म्हणून पासवर्ड एकाच माणसाला दिला होता — सरांना.

नोंदीची प्रत काढली. सरांनी उद्या दहाला बोलावलंय.
संस्थेच्या संचालकबाई नऊला येतात.