वास नसलेली धूळ

बाबा, गेल्या आठवड्यात मला एका यंत्रात फुंकायला लावले. नळी ओठांत धरून, छाती पार रिकामी होईपर्यंत. समोरच्या ताई "अजून, अजून, सोडू नका" म्हणत होत्या. तुम्हाला असे कुणी कधी फुंकायला सांगितले नव्हते, म्हणून हे आधी तुम्हालाच सांगावेसे वाटले.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या चाळीत सकाळी खिडक्या उघडण्याआधी प्रत्येक घरातले कुणीतरी गॅलरीत जाऊन हवेचा वास घेई. आपल्याकडे ते काम तुमचे. तुम्ही मान वर करून उभे राहायचात आणि आत सांगायचात, "उघडा," किंवा "आज नको, कंपनीने गॅस सोडलाय." वास म्हणजे धोका, वास नाही म्हणजे हवा चांगली, हे मी अक्षरओळखीच्याही आधी शिकले. त्याच हिशेबाने तुम्ही केमिकल कंपनी सोडून दगडाची पूड करणाऱ्या कारखान्यात लागलात आणि त्या संध्याकाळी पेढे आणलेत. "नाकाला काही म्हणजे काही नाही. नुसती माती." आई हसली होती. "माती कसली, गिरणीतून आल्यासारखे दिसताय." मग तुम्ही गॅलरीत उभे राहायचात आणि मी तुमच्या पाठीवर दोन्ही हातांनी थापट्या मारायचे. पांढरा धुरळा उडे, तुमच्या शर्टावर माझे पंजे उमटत. तो माझा आवडता खेळ होता.

या दिवाळीनंतर माझ्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. आईने तो ऐकला, तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "ह्यांच्यासारखंच," एवढेच ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी करपली. शेजारच्या काकूंनी दारातूनच सल्ला दिला, "तो तोंडात ओढायचा पंप तेवढा घेऊ नकोस हो. एकदा लागला की सुटत नाही. तुमच्याकडे पाहिलंय ना आपण." तुम्हाला ठाऊक आहे, मला उलट बोलता येत नाही. मी फक्त ते पांढरे पंजे आठवत राहिले. तो धुरळा उडायचा तेव्हा माझे तोंड उघडे असायचे, बाबा. मी हसत असायचे.

डॉक्टरबाईंनी विचारले, "दम कायम असतो, की येतो-जातो?" येतो-जातो. "बरं असतं तेव्हा जिना चढता?" चढते. "शिंका, डोळ्यांना खाज?" ग्रंथालयात जुनी पुस्तके काढली की. "आणि वडिलांचं कसं होतं?" तुमचा दम कधी गेलाच नाही. आधी तुम्ही अंबरनाथ स्टेशनच्या पुलावर एकदा थांबायचात, मग प्रत्येक वळणावर, मग पूलच सोडलात. पंप ओढून तुम्ही आमच्याकडे पाहायचात, जणू आम्ही सांगावे की बरे वाटले. सगळे त्याला दमाच म्हणत, पण शेवटच्या वर्षी उल्हासनगरच्या एका डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि म्हणाले, "हा दमा नाही. ही दगडाची धूळ आहे." तोवर कुणी छातीचा फोटोच काढला नव्हता.

मी हे अडखळत सांगितले. बाई म्हणाल्या, "धाप बाहेरून सारखीच दिसते. दम्याची, हृदयाची, फुफ्फुसात बसलेल्या धुळीची. म्हणून अंदाजाने नाव द्यायचं नाही, तपासायचं." मग मला पंप दिला आणि पुन्हा फुंकण्याआधी बाहेर थांबायला सांगितले. त्या बाकावर आईने माझा हात असा धरला होता की बांगडी रुतत होती. मला एकच भीती होती, की पंपाने काहीही फरक पडणार नाही.

फरक पडला. यंत्रावर दुसऱ्या वेळची रेघ पहिलीच्या बरीच वर गेली, आणि एक्स-रे स्वच्छ होता. "हा दमाच आहे, ॲलर्जीचा," बाई म्हणाल्या. "नियमित औषध घेतलं की आटोक्यात राहील." आई तिथेच रडली. दम्याचे नाव ऐकून कुणाला सुटकेने रडताना बाईंनी बहुधा पाहिले नसावे.

तरी भीती पुरती गेलेली नाही. जिना चढताना मी अजून स्वतःचा श्वास ऐकते, आणि गॅलरीत वास आला नाही की जास्त घाबरते. हे पत्र कुठे पाठवणार. तुमच्या फोटोमागे ठेवावे असे मनात होते, पण तेही जमणार नाही. कारण एक गोष्ट तुमच्यासमोर करण्याचे धाडस मला होत नाही, बाबा. पंप मी रोज तुमचा फोटो आहे त्याच खोलीत घेते, पण तुमच्याकडे पाठ करून. मला लगेच बरे वाटते, ते तुम्हाला दिसू नये म्हणून.