गाऱ्हाण्यातलं औषध

१२ ऑगस्ट २००३, मांडवी
पुण्याहून मीनलचा फोन. जमलं! स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी तिच्या प्रयोगशाळेतल्या बशीत मेल्या. म्हणाली, "आई, पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, दारावरच्या बेलसारखे. तो चालू केला की आत निरोप जातो, आटप आता. मग पेशी आपली आपणच मरते. माझ्या पेशी दाद देत नव्हत्या, आता दिली." माझी पोर! शाळेत भूगोलाचा तास सोडून सातवीला हेच सांगत बसले.

१५ ऑगस्ट
ह्यांनी देवळात नारळ दिला. गुरवाने देवाला गाऱ्हाणं घातलं, "पोरीने कॅन्सरवर औषध शोधलान, तिला यश दे रे महाराजा." सगळे, "व्हय महाराजा!" औषध कुठलं? विचारलं तर हे म्हणतात, "देवाला थोडक्यात सांगावं लागतं." हसले. पण ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

२१ ऑगस्ट
शेजारच्या हमीदाभाभीच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. डॉक्टर म्हणतात, मुंबईला जाऊन लगेच ऑपरेशन करा. भाभी म्हणते, "मी नाय जात, बाई. तुमच्या मीनलची दवा आलीय ना? अख्खी मांडवी बोलते." किती समजावलं. "तुम्ही लपवताय," म्हणाली. ह्यांच्याशी अबोला. मीनलला फोन केला.

२३ ऑगस्ट
मीनल सकाळच्या एस.टी.ने उतरली ती चहासुद्धा न घेता भाभीकडे. मी मागोमाग. भाभीचा हात धरून म्हणाली, "चाची, मेल्यात त्या बशीतल्या पेशी. त्यापण सगळ्या नाही. माणसाला द्यायचं औषध व्हायला कित्येक वर्षं, कदाचित होणारही नाही. तुमच्या जागी माझी आई असती तर आजच गाडीत बसवलं असतं."
"मग तुझा बाप देवळात काय बोलला?"
"बाबांना माझं कौतुक आवरत नाही."
भाभीच्या घरात निम्मी आळी जमली होती. सगळ्यांसमोर स्वतःचं मोठेपण स्वतःच उतरवलंन पोरीने. फोन आला त्या दिवसापेक्षा आज जास्त अभिमान वाटला. तिला बोलले नाही, शेफारेल.

२९ ऑगस्ट, मुंबई
भाभीचं ऑपरेशन उद्या. आम्ही दोघी सोबत. मघाशी भाभी मीनलला म्हणाली, "गाठीचा काढतील तो तुकडा तू ने, तुझ्या बशीत घाल. मला नाय तर दुसऱ्या कोणाला तरी कामी येईल." मीनल म्हणाली, डॉक्टरांची परवानगी लागेल, विचारते. आणि उठून बाहेर गेली. डॉक्टर तर केव्हाच घरी गेलेत. अजून आलेली नाही.