अप्पांची खाट

किशोरदादा,

हे चादरीखाली मोबाईलवर लिहितेय. पाठवणार नाही. पाठवलं की तू फोन करशील आणि मला खाटेवरून उठावं लागेल.

कालपासून अप्पा दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर होते. आज खाट मिळाली आणि लगेच त्यांना एक्स-रेला खाली नेलं. इथं खाट मोकळी दिसली की दुसऱ्याला देतात, म्हणून त्यांच्या जागी मी आडवी झाले. सगळेच करतात.

व्हरांड्यात आमच्या शेजारी ठाकरवाडीची कोंडी होती, म्हाताऱ्या आईला घेऊन. आईला सारखी धाप लागलेली. शेवटची खाट अप्पांना मिळाली, तेव्हा या मायलेकींना घरी जायला सांगितलं. "ताई, आता खाट नाय म्हनत्यात गं," एवढंच बोलून तिनं आईला पाठीवर घेतलं.

मघाशी वॉर्डबॉय हळूच सांगून गेला. एक्स-रेच्या टेबलावरच अप्पा गेले.

मी उठले नाही. काल रात्री कोंडीचा नंबर घेतला होता, तिला फोन लावला. ती शिळफाट्यावर टेंपोची वाट बघत होती. "परत फिर गं, खाट हाय," म्हटलं.

सिस्टर दोनदा "उठा आता" म्हणून गेली. कुणा साहेबांचा फोन आलाय, त्यांचा पेशंट वाटेत आहे. अप्पांसाठी तूही अशीच ओळख शोधत होतास ना? मी खाटेचा कठडा घट्ट धरून पडलेय.

अप्पा खाली एकटे आहेत, दादा. रागाव हवं तर. कोंडी आईला घेऊन दारात दिसली की उठेन, आणि मगच रडेन.

तुझी,
रोहिणी