बोल्टावरचा रंग

चाचा,

आज कंबर लई दुखतेय. दिवसभर एका गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणा पडून होतो, आणि आता मंचरच्या दुकानात स्टुलावर बसून हे लिहितोय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पावणं, दमलात व्हय? काम तर अजून चालूच न्हाई झालं." पिंपळवंडीहून सुटणारी पहिली एसटी मला कधी सापडलीच नाही. जुन्नरला तुमच्या दुकानात पोचेपर्यंत तुमची दोन कामं उरकलेली असायची, म्हणून मी पावणा. शेतीत लक्ष लागेना तेव्हा वडिलांनी मला वायरिंग शिकायला तुमच्याकडे धाडलं. चांगला मिशा फुटलेला घोडा होतो मी तेव्हा. पहिल्याच महिन्यात एका टेम्पोच्या मागच्या दिव्याची अर्थची वायर, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून माघारी नेणारी, मी रंगावरच बोल्टाखाली आवळली, तर तुम्ही ती चार गिऱ्हाइकांसमोर उपटून माझ्या हातात दिलीत. "करंट आला तसा माघारी जायला पायजे का नको? रंगातनं कसा जाईल, तुझ्या सासऱ्यानं रस्ता केलाय का तिथं?" गिऱ्हाइकं हसली, माझे कान तापले. मग खिशातला चाकू काढून तुम्ही स्वतः पांढरं लोखंड दिसेपर्यंत तो पत्रा खरवडून दाखवलात. दिव्याची तक्रार आली की पहिलं अर्थ बघायचं, मग फ्यूज, मग बाकीचं सगळं. तुमचा हा शिरस्ता मी आजही पाळतो.

त्या रिमोटच्या गाडीचं मात्र मला लिहायचंय. निमगाव साव्याचे ते बागायतदार, ज्यांना आपण नुसतं भाऊ म्हणायचो, त्यांनी नवी कोरी गाडी घेतली होती आणि त्यांच्या भाच्यानं मुंबईहून रिमोटचा डबा आणला होता. ओट्यावर बसून बटण दाबायचं, अंगणातली गाडी आपोआप चालू. असलं काही आपण दोघांनीही तोवर पाहिलं नव्हतं. डब्याबरोबर आलेला चित्रांचा कागद तुम्ही नाकाला लावून वाचत होता, कारण तुमची नजर तेव्हाच उतरायला लागली होती. आपण त्यांच्या अंगणातच काम केलं. ब्रेकच्या दिव्याच्या वायरवरून डब्याला जोड द्यायचा होता, म्हणजे ब्रेक दाबला की डबा इंजिन बंद करणार. ते नाजूक काम तुम्ही स्वतः केलंत. अर्थ माझ्याकडे दिलंत. डबा नेमका जिथे बसत होता तिथेच दिव्यांच्या अर्थच्या वायरी होत्या, म्हणून त्या काढून शेजारच्या बोल्टावर घ्यायच्या होत्या. मी खरवडायला हात घातला तर भाऊंची आई दारातून ओरडली, "आरं बाबा, दसरा चार दिवसांवर आलाय! पूजा व्हायच्या आधी नव्या गाडीला ओरखडा न्हाई पाडायचा." आमच्याही घरी नवी वस्तू पूजेआधी अशीच जपत. म्हटलं, म्हातारीचं मन कशाला मोडा, दसरा झाला की येऊन खरवडू. वायरी तशाच रंगावर आवळल्या. तुम्ही गाडीच्या पलीकडच्या बाजूनं विचारलंत, "रंग काढला का रे?" मी म्हणालो, "हो चाचा."

दसऱ्याला भाऊंनी बटण दाबलं तेव्हा म्हणे अर्धं गाव गोळा झालं होतं. किल्ली न्हाई, मानूस न्हाई, अन् गाडी चालू! मी मात्र नंतर गेलोच नाही. आज जाऊ उद्या जाऊ करता करता दिवाळी झाली आणि गाडीच आपल्या दारात आली. उजवा इंडिकेटर दिला की डॅशबोर्डचे दिवे लुकलुकायचे, हेडलाइट मंद व्हायचे, ब्रेकचा दिवा कधी लागायचा, कधी नाही. भाऊ म्हणाले, "चाचा, काल घाटात मागचा ट्रक चिकटलाच व्हता. सून अन् नातू व्हते गाडीत." तुमचा चेहराच उतरला. पहिलं अर्थ, हा तुमचा स्वतःचा नियम. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, अर्थ ठीक आहे म्हणून मी मान डोलावली, आणि तुम्ही सरळ फ्यूजकडे वळलात. माझ्या शब्दावर नियम मोडलात तुम्ही. अडीच दिवस त्या गाडीखाली घालवलेत. पार्किंगच्या दिव्याची वायर सोडली, जोडली, ब्रेकचा स्विच बदलला, टेस्ट लॅम्पचा बल्ब डोळ्यांशी नेऊन नेऊन पाहिलात. मी शेजारी बसून पाने-पकडी देत होतो. शंभरदा तोंडाशी आलं, पण भाऊ तिथेच खुर्ची टाकून बसलेले. लाज वाटली हो, दुसरं काही नाही.

तिसरा दिवस शुक्रवार. तुम्ही दुपारी नमाजाला गेलात अन् भाऊ चहाला, तसा मी आत शिरलो, बोल्ट सोडला, पॉलिश पेपरनं पत्रा पांढरा केला आणि वायरी पुन्हा आवळल्या. सगळे दिवे लख्ख लागले. तेवढ्यात तुम्ही दोघं आलात. भाऊंनी विचारलं, "काय व्हतं मग?" आणि माझ्या तोंडून निघालं, "ब्रेकच्या वायरीचा जोड ढिला व्हता." तो जोड तुमचा. भाऊ वाईट माणूस नव्हते, चेष्टेतच म्हणाले, "चाचा, आता डोळं काढून घ्या तपासून!" तुम्ही तो जोड बोटांनी चाचपलात, बराच वेळ. मग एवढंच म्हणालात, "असंल बाबा."

त्यानंतर तुम्ही नव्या वायरीला हात लावला नाहीत. कुणी गाडी आणली की म्हणायचात, "पावण्याकडं द्या." एकदा तुमच्या घरी निरोप द्यायला आलो होतो तर चाचींनी स्वयंपाकघरात बसवून मला भाकरी आणि कालवण वाढलं आणि हळूच विचारलं, "काय झालं रे त्यांना? जेवताना स्वतःचे हातच बघत बसतात." मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिलो. त्या एका वेळी मी बोललो असतो तर तुम्ही मला चार शिव्या दिल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीखाली गेला असता. चाळीस वर्षं ज्या हातांवर सगळा जुन्नर तालुका विसंबून होता, त्यांच्यावरचा तुमचाच विश्वास मी घालवला. मी मंचरला दुकान टाकलं तेव्हा तुम्ही तो खिशातला चाकू मला दिलात. "घे, रंग काढायला लागंल." तुम्हाला कळलं होतं का, चाचा? त्या पांढऱ्या बोल्टावर कधी तुमचं बोट पडलं होतं का? मला अजूनही कळत नाही, आणि वर्षभरात तुम्ही गेलात, मग विचारायलाच कुणी उरलं नाही.

आजची गाडीही रिमोटचीच होती. तेच दुखणं, इंडिकेटर दिला की भलतेच दिवे. पहिलं अर्थ पाहिलं, रंगावर आवळलेलं होतं, तुमच्या चाकूनं खरवडलं, संपलं. गिऱ्हाईक खूश झालं, विचारू लागलं की एवढ्या लवकर कसं सापडलं. मग मी दर वेळी सांगतो तीच गोष्ट सांगितली, निमगाव साव्याच्या गाडीची. चाचा, त्या गोष्टीत रंग न खरवडणारे तुम्ही असता. इतकी वर्षं मी ती अशीच सांगतोय, आणि वर म्हणतो, "एवढा मोठा कारागीर, पण त्याच्या हातूनबी चूक झाली." ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

उद्यापासून खरी गोष्ट सांगीन, असं इथं लिहिणार होतो. लिहीत नाही. एकदा तुम्हाला खोटं "हो चाचा" म्हणालोय, तेवढं पुरे.