खालचं दार

४ फेब्रुवारी

झालं! अपडेट म्हणे. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर माझाच पडदा मला ओळखू येईना. मेनू डावीकडचा उजवीकडे, घड्याळ मधोमध, आणि खिडक्या अशा रमतगमत उघडतात की तेवढ्यात माणसाचा चहा पिऊन व्हावा. कोणी सांगितला होता हा उपद्व्याप? इथे पुस्तकाची पानं लावून द्यायचीत, प्रकाशक रोज फोन करून जीव खातोय.

ठरवलं. तयार डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची ही सगळी आयती मांडणी, यापुढे नाही. मूळ कोड आणायचा, स्वतः कंपाइल करायचा, एकेक भाग स्वतः बांधायचा. पट्टी मला हवी तिथे, मेनू मला हवा तेवढा, बाकी फापटपसारा नको. सगळं हवं तसं बदलता येतं म्हणून तर लिनक्स घेतलं!

बाबांनी आज दुपारी परत दार उघडलं. वर टुण् वाजलं, पडद्याच्या कोपऱ्यात चौकट आली — ‘खालचं दार उघडलं’ — आणि मी जिन्यावरून धावलो. उंबऱ्यातच सापडले. पायात एकच चप्पल. "ऑफिसला उशीर होतोय," म्हणाले. रिटायर होऊन किती वर्षं झाली!

दाराला तो सेन्सर बसवला ते फार बरं केलं. सकाळ-संध्याकाळ मावशी असतात त्यांना बघायला, तेव्हा पहारा बंद ठेवतो. दुपारी घरात आम्ही दोघंच. ते खाली, मी वर.

६ फेब्रुवारी

ताई येऊन गेली. भांडण. दुसरं काय!

"तू वर, ते खाली. कानाला ते हेडफोन. ते रस्त्यावर गेले तर तुला कसं कळणार रे?"

तिला वर नेलं, हेडफोन तिच्या कानाला लावले, खाली जाऊन दार उघडलं. टुण्! परत आलो तर ती चौकटीकडे बघत उभी. म्हटलं, मुंगी बाहेर गेली तरी मला कळतं.

"आणि नाही कळलं तर?"

"तर घेऊन जा त्यांना तुझ्याकडे!" बोलून गेलो. रागात.

तिनं पर्स उचलली. रागावली की थेट आई दिसते — तोच अंबाडा, तीच हनुवटी. ती शिकवते ती शाळा दुपारी सुटते, घरी मोकळी खोली आहे, सगळं खरं. पण आईनं जाताना मला बजावलं होतं, "त्यांना त्यांच्या खोलीतून हलवू नका." खिडकीपाशी तिची घडीची खुर्ची अजून तशीच आहे. आणि खरं सांगायचं तर बाबा गेले की या घरात मी एकटा. ते मला जमणार नाही.

जाताना विचारलं, तुझी किल्ली आहे ना? तिनं पर्स थोपटली.

९ फेब्रुवारी

नाकी नऊ आले. एक लायब्ररी, म्हणजे बाकीच्यांना लागणारा कोडचा गठ्ठा, बांधायला घ्यावी तर ती म्हणते आधी दुसरी आणा. दुसरी म्हणते, तिसरी आल्याशिवाय मी पानावर बसणार नाही. सगळे रुसके पाहुणे! तरी मजा येतेय. पडद्यावरून ओळी सरसर वर जातात आणि मी नुसता बघत बसतो.

खिडक्या सांभाळणारा भाग झाला. पट्टी झाली. सूचनांच्या चौकटी दाखवणारा भाग काही केल्या होईना — आवाजाची लायब्ररी जुनी आहे म्हणतो. बस म्हटलं तसाच! ठेवला बाजूला, नंतर बघू.

डॉक्टरांनी बाबांची गोळी बदलली.

ताईचा फोन. "काय करतोयस?" सांगितलं. "तुला खिडक्या बांधायला वेळ आहे. खिडकीत बसलेल्या माणसाशी बोलायला नाही." फोन ठेवून दिला. तिनं की मी, आता आठवत नाही.

१२ फेब्रुवारी

दिसला! माझा डेस्कटॉप! अजून जुन्याच्या आतच चालवलाय, एक मोठी खिडकी उघडून तिच्यात. पण पडदाभर पसरवला की जुनं काही दिसतच नाही. स्वच्छ. करडा रंग, खाली बारीक पट्टी, बस्स.

घाईघाईनं खाली जाऊन दार उघडलं, धावत वर आलो — चौकट हजर! टुण् पण वाजून गेलेलं, हेडफोन टेबलावर होते तरी जिन्यात ऐकू आलं. म्हणजे तो रुसलेला भाग लागतच नव्हता की! उगाच डोकं पिकवलं.

बाबांना बोलावलं बघायला. जिना चढवत नाही म्हणाले. हे म्हणताना त्यांनी मला ‘साहेब’ म्हटलं. चेष्टेत असेल.

१३ फेब्रुवारी

जुनं मुळासकट काढून टाकलं. आता सगळं माझ्या हातचं.

१७ फेब्रुवारी

काय शांतता! आठवडा होत आला, दुपारी टुण् नाही की धावपळ नाही. सलग काम होतंय. नवी गोळी लागू पडली.

चहा देताना बाबा म्हणाले, "बरं झालं, तुझं ते वाजणं बंद झालं." म्हटलं, तुम्ही शहाण्यासारखे घरात बसता म्हणून वाजत नाही. हसले. त्यांना असं हसताना बघून बरं वाटलं.

ताईला फोन केला, मुद्दाम. म्हटलं, बघ, एकदाही दाराकडे गेले नाहीत. ती म्हणाली, "हो का?" एवढंच. कौतुक करायला पैसे पडतात हिला.

२० फेब्रुवारी

चहाबरोबर बिस्किटं दिली तर नको म्हणाले. पोट भरलंय म्हणे. गाल जरा लाल. ताप बघितला, नाही.

"तुझी आई आली होती."

"कधी?"

"दुपारी. येते ती." मग अगदी साध्या आवाजात, "न्यायला येते मला."

कप तसाच हातात राहिला. आईला जाऊन दोन वर्षं झाली, ते बाबांना अधूनमधून आठवतं, अधूनमधून नाही. पण असं ते याआधी कधी बोलले नव्हते.

२१ फेब्रुवारी

डॉक्टरांना फोन केला. "होतं असं या आजारात. गेलेली माणसं दिसतात." मग त्यांनी विचारलं, "खाणं कमी झालंय का?"

म्हटलं, संध्याकाळचं झालंय. मावशीही म्हणतात, अर्धं ताट उरतं.

"हं," म्हणाले. "जरा लक्ष ठेवा." त्या ‘हं’नं दिवसभर छळलं.

२२ फेब्रुवारी

आज खाली त्यांच्याजवळ बसायचं ठरवलं होतं. नाही बसलो. वर येऊन चिन्हांचे रंग बदलत बसलो, मग पट्टी परत बांधली, काही गरज नसताना.

भीती वाटते. मी तिथे असताना त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ते बोलायला लागले तर? त्यांना उत्तर मिळतंय अशा थाटात मान हलवायला लागले तर? मी काय करायचं तेव्हा? इथे निदान काही चुकलं तर ओळ लाल होते, कुठे चुकलं ते कळतं. तिथे काहीच कळत नाही.

टुण् वाजलं नाही. म्हणजे आहेत खोलीत. हेडफोन लावले.

२३ फेब्रुवारी

"आज तिनं मला फार चालवलं." — बाबा. पाय चोळत होते.

२५ फेब्रुवारी

मावशी जाताना म्हणाल्या, "बाबांची नखं कापलीत ते बरं केलं हो दादा. मला तर हात लावू देत नाहीत."

मी कापली नाहीत.

मला वाटलं होतं, मावशींनी कापली. तसं त्यांना सांगितलं. मग त्यांनीच दाखवलं — सदऱ्याचं वरचं बटण, किती दिवस तुटलेलं होतं. शिवलंय. दोऱ्याचा रंगही जुळतो.

"मला वाटलं तुम्हीच," मावशी म्हणाल्या. आवाज एकदम खाली गेला होता त्यांचा.

बाबांना विचारलं, नखं कोणी कापली? "तिनं." बोटं पसरून दाखवली, लहान मुलं दाखवतात तशी. आई दर रविवारी त्या खुर्चीत बसून त्यांची नखं कापायची. त्यांना दुसऱ्या कोणाचा हात चालायचा नाही.

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. तरी आज मी त्या खुर्चीला हात न लावता खोलीतून बाहेर आलो.

२७ फेब्रुवारी

बाबांचा चष्मा पलंगाखाली गेला म्हणून वाकलो. तिथे बूट होते. काळे, पॉलिश केलेले. गेल्या हिवाळ्यापासून त्यांनी बूट घातले नाहीत, त्यांच्याच कपाटात वरच्या खणात होते ते. हातात घेतले तर तळाशी लाल खडी. अजून ओली.

ही खडी बागेत असते. बाग रस्त्यापलीकडे आहे. मोठ्या रस्त्यापलीकडे!

मेलेली माणसं नखं कापतील एक वेळ. बूट घालून बाहेर नेत नाहीत. पण दार उघडलं असतं तर मला कळलंच असतं. कळलंच असतं ना?

गेलो आणि दार उघडलं. वर आलो. पडदा स्वच्छ. करडा. काही नाही. परत खाली, परत उघडलं, आपटून. काही नाही.

मग लक्षात आलं. त्या दिवशी मी वाजलेलं ऐकलं ते नव्या डेस्कटॉपचं नव्हतंच! नवा तेव्हा जुन्याच्या पोटात चालला होता. दाराचा निरोप जुन्यानं घेतला, चौकट जुन्यानं दाखवली, टुण् जुन्यानं वाजवलं. आणि दुसऱ्या दिवशी मी त्या जुन्यालाच काढून टाकलं. सूचना दाखवणारा भाग मी कधी बांधलाच नाही. सेन्सर बिचारा रोज निरोप पाठवत असणार, त्याला कोणी ऐकतंय की नाही हे बघायची सोय मी केली नव्हती.

इतके दिवस बाबा एकटे बाहेर जात होते. एकटे रस्ता ओलांडत होते आणि एकटे परत येत होते, आणि मी वर बसून रंग जुळवत होतो. लाज वाटते.

आवाजाची लायब्ररी नवी आणली, तो भाग बांधला. मुकाट बांधला गेला, काही कुरकुर नाही. आधी एवढंच करायला हवं होतं. चौकट हातानं बंद केल्याशिवाय जाणार नाही असंही करून ठेवलं. पुन्हा दार उघडून पाहिलं — टुण्!

बाबा पलंगावर झोपले होते. श्वास मोजत बसलो थोडा वेळ. जीव भांड्यात पडला. आहेत.

ताईला यातलं काही सांगायचं नाही. उद्या दुपारी डोळ्यांत तेल घालून बसतो. उद्यापासून एकदाही चूक नाही.

२८ फेब्रुवारी

वाजलं. जिना कसा उतरलो माहीत नाही.

दारात बाबा. बूट घातलेले, स्वेटरची सगळी बटणं लावलेली. त्यांचा हात ताईच्या हातात. उंबऱ्याबाहेर त्यांची बॅग, आणि बॅगेवर आईची खुर्ची घडी करून ठेवलेली.

"आज आलास?" ताई म्हणाली. रागावली नव्हती, तेच वाईट. "आज शाळेला रजा टाकून मावशी जायच्या आतच आले, बॅग भरायला. पहिल्या दिवशी मी दार सताड उघडं टाकून इथेच उभी राहिले रे. तू येशील म्हणून. मग कोपऱ्यापर्यंत नेलं. मग बागेत. घरी नेऊन जेवू घालून आणलं. रोज वाटायचं, आज येशील."

"एक भाग बांधायचा राहिला होता," मी म्हणालो.

बाबा माझ्याकडे बघत होते. मग ताईकडे वळून हळूच म्हणाले, "अगं, हे वर राहतात ते ना?" आणि मला हात जोडले. "येतो हं. तुमचा त्रास नाही कधी काही."

गेले. वर आलो. चौकट अजून पडद्यावर आहे. बंद केलेली नाही.