बंकटच्या हॉटेलातील येसर

पणजी, बसस्थानक
१९ फेब्रुवारी २०२५

सौ. मंगल उत्तरेश्वर मस्के हिस अनेक आशीर्वाद.

कुशल विचारणे आता निरर्थक आहे. तरी पत्राची रीत मोडवत नाही. तलवाड्याहून निघून मी परवा येथे पोहोचलो. तुझ्या भावाच्या, बंकटच्या शहरात लोक काय खातात, काय पितात, हे एकदा पाहून या, असे तू अनेकदा सुचवले होतेस. ते पाहिले.

सकाळी एका अरुंद हॉटेलात पाव आणि पातळ भाजी खाल्ली, उत्तम होती. दुपारी खानावळीत सोलकढी प्यायलो. तू तिला मिळमिळीत म्हणाली असतीस आणि दुसरा पेला मागितला असतास. समुद्राकाठी वाळूतच टेबले मांडलेली असतात. तेथे तरुण मंडळी फेणीत लिंबू पिळून बसून राहतात आणि समोरचे ताट निवू देतात.

तथापि, कोठे जेवावे असे विचारले, तर पुष्कळ जण तुझ्या धाकट्या भावाचेच नाव सांगतात. त्याच्याकडील येसर आमटीसाठी लोक दाराबाहेर उभे असतात. लग्नाच्या पंगतीत आपण भाकरी चुरून ती ओरपतो. येथे ती चहाच्या कपात येते. मी भाकरी मागितली तेव्हा वाढपी हसला. 'आईच्या हातची चव' असे बंकट प्रत्येक टेबलापाशी सांगतो. तो पाळण्यात असतानाच आई गेली. त्याला वाढवणारी तू. धान्य भाजून, कुटून, दर वर्षी येसरचा डबा भरून पाठवणारीही तूच. तुझे नाव मी त्याच्या तोंडून ऐकले नाही.

काल संध्याकाळी त्याने हॉटेलांविषयी वर्तमानपत्रांत लिहिणारी मंडळी जेवायला बोलावली होती. तुझ्या हातचा शेवटचा डबा घरी शिल्लक राहिला होता, हे त्याला ठाऊक होते. त्याच्याकडचा डबा संपत आला होता; मला बोलावणे त्यासाठीच होते. हॉटेलवरच्या खोलीत उतरवले, अगत्य केले. डबा माझ्या पिशवीत आहे, असे त्याला वाटले. मी वाटू दिले.

पाहुणे बसल्यावर तो स्वयंपाकघरातून आला.

"दाजी, डबा द्या की. आधण आलंय."

"डबा भिवराबाईंना दिला," मी म्हणालो. "मंगलला नेसवलेली साडी त्यांची होती."

तो खाली पाहू लागला. सवाष्ण गेली म्हणजे अखेरची हिरवी साडी माहेरची येते, आणि तुझे माहेर म्हणजे तो एकटाच. आम्ही तुला दुपारपर्यंत अंगणात ठेवून त्याची वाट पाहिली. मग त्याचा फोन आला. हे तुला सांगायचे नव्हते. "नाताळाची गर्दी हाय, दाजी. तुमी उरकून घ्या," असे तो म्हणाला. शेजारच्या भिवराबाईंनी ट्रंकेतून घडी न मोडलेली साडी आणून दिली.

"निदान येसरचं परमाण तरी सांगा," बंकट हळूच म्हणाला. "पाया पडतो."

ते तू माझ्याकडून तोंडपाठ करवून घेतले होतेस. आठवत नाही, असे मी त्याला सांगितले आणि शेवटचा पाहुणा उठेपर्यंत समोरच्या खुर्चीत बसून राहिलो. बंकटने काहीतरी पातळ वाढले. एकानेही दुसऱ्यांदा मागितले नाही. मला फार समाधान वाटले, आणि ते अद्याप ओसरलेले नाही.

आज सकाळी चहा न घेता निघालो. खोलीचे दार कुलूपबंद केले. किल्ल्या गल्ल्यावर परत केल्या.

तुझाच,
उत्तरेश्वर