स्वीडनच्या उमेदवाराचा कोल्हापुरी फ्लेक्स

२९ ऑगस्ट, शनि.
अलकीचा फोन. आमची धाकटी बहीण. स्वीडनला नर्स म्हणून गेली, सोशल डेमोक्रॅट पक्षाकडनं दोनदा नगरपालिकेत निवडून आली, आता थेट संसदेला उभी हाय! पक्षाच्या यादीत नववी. मतदारांनी नावापुढं फुली मारली की म्हणे उमेदवार वर सरकतो. आपल्याकडं फुली म्हंजे माणूस कटाप.
"प्रचार कसा करतीस?"
"दारोदार जातो, कॉफी पितो, ऐकून घेतो."
एवढी वर्षं झाली, अजून आमच्या कोल्हापुरी पोरींसारखं 'जातो'च म्हणते, 'जाते' न्हाय. बरं वाटलं. पण फ्लेक्स न्हाय, हलगी न्हाय, ही कसली निवडणूक?

१ सप्टें., मंगळ.
तालमीत बैठक. फ्लेक्स ठरला. मधे अलकी हात जोडून, खाली आम्ही एकवीसजण गॉगल लावून. वर 'भावी मंत्री'. बायको म्हणाली, "तिला विचारलंय का?" मंगलला काय कळतंय, सरप्राइज असतंय ते!

२ सप्टें.
चौकात लावला. झकास! फोटो फेसबुकवर, अलकीला टॅग करून.

५ सप्टें., शनि.
घोळ झाला. तिथल्या पेपरात आमचा फोटो. 'उमेदवारामागचे हे एकवीस गॉगलवाले कोण?' अलकी कडाडली. "दादा, हितं स्वतःला भावी मंत्री म्हणवलं की माणूस संपला! पक्षातली लोकं तोंड चुकवायलीत. काढ तो आधी." फोन ठेवलाच.
शिडी लावून मीच उतरवला. मंगलनं खालनं शिडी धरली. तेच जास्त लागलं.

८ सप्टें.
फोन उचलत न्हाय. माझ्या हौसेपायी पोरगी पडली तर... जाऊ दे, लिहवत न्हाय.

१० सप्टें., गुरु.
काय सांगू! अलकीनं व्हिडिओ पाठवलाय. टीव्हीवालीनं तोच फोटो पुढं धरला, आणि अलकी एकेकावर बोट ठेवून सांगायली. काय बोलली ते मराठीत लिहूनबी पाठवलंय. "ह्यानं मला सायकल शिकवली. ह्याच्या म्हशीचं दूध पिऊन वाढलो. हा कुस्ती हरला की आमच्या दारात येऊन रडायचा." तालमीत सगळे बघत होते. तो रडणारा विलास आता साठीचा झाला, तरी लाजला.
शेवटी माझ्यावर बोट. "हा मिशीवाला माझा भाऊ. वडील नर्सिंगला नको म्हणाले, तर फॉर्मवर त्यांची सही ह्यानंच ठोकली."
आयला! हे तिला ठाऊक होतं? सही आमच्या वडलांनी, आबांनीच केली असं तिला वाटतंय, म्हणून मी आजवर गप्प. डोळं भरून आलं. लगेच गॉगल लावला.
मंगल: "आता तिकडचे पोलीस येतील तुम्हाला न्यायला."

१४ सप्टें., सोम. गणपती.
काल मतदान झालं. फुल्या मोजायला अजून काही दिवस लागणार. नववी वर सरकते का बघायचं.
सकाळीच तिचा फोन.
"दादा, फ्लेक्स हाय न्हवं?"
"माळ्यावर हाय गुंडाळून."
"निवडून आलो काय, पडलो काय, परत लाव. फक्त 'भावी मंत्री' खोड."
"मग काय लिहू?"
"दादाची बहीण."
मंगल ओरडतीया, मूर्ती आणायला कधी निघायचं? निघतो की. वाटेत पांढरा रंग तेवढा घेतो.